154 पैकी 134 हार: क्लीव्हलँड स्पायडर्स, 1899

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 1899 साली क्लीव्हलँड स्पायडर्स ही व्यावसायिक बेसबॉल टीम 154 पैकी 134 सामने हरली, जिंकले फक्त 20. पगार घेऊन खेळणारी माणसं इतकं हरू शकतात का? ही फिक्सिंग होती, की खेळाडूच टाकाऊ होते? आणि जाता जाता तुम्ही हेही विचारलंय की हा विक्रम कधी मोडेल का.

आधी माझ्याबद्दल दोन ओळी, म्हणजे माझ्या म्हणण्याला किती वजन द्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी स्कोअरर आहे. कॉलेजात असताना पुण्यात क्लब क्रिकेटच्या वह्या लिहायचो. गेली 22 वर्षं ओहायोत राहतो आणि शाळा-कॉलेजच्या बेसबॉल सामन्यांचं स्कोअरिंग करतो. इथला हिवाळा लांबलचक. त्या दिवसांत मैदानं बंद असतात, तेव्हा जुन्या वर्तमानपत्रांतले धावफलक उतरवून काढत बसतो. त्यामुळे मला या खेळाबद्दल जे कळतं ते आकड्यांच्या बाजूने कळतं. मी स्वतः वेगाने येणारा चेंडू मारायला कधी उभा राहिलेलो नाही.

तुमचा आकडा इतका चमत्कारिक का वाटतो, ते आधी बघू. बेसबॉलमध्ये कमजोर टीमही बऱ्यापैकी जिंकते. एखाद्या दिवशी पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, हात लागतो, दोन-तीन चेंडू नेमके क्षेत्ररक्षकांच्या मधून जातात, सामना खिशात. त्याच वर्षी पहिल्या आलेल्या ब्रुकलिनने 101 जिंकले आणि 47 गमावले. म्हणजे विजेती टीमसुद्धा जवळजवळ तीन सामन्यांत एक हरली होती. विसाव्या शतकापासून मोजलं तर प्रमाणात सर्वांत वाईट हंगाम 1916 सालच्या फिलाडेल्फिया अॅथलेटिक्सचा: 36 विजय, 117 पराभव. शंभरात 23-24 विजय. स्पायडर्सचे शंभरात 13. नुसत्या वाईट खेळाने या खेळात इतकं खाली जाता येत नाही, ही तुमची शंका रास्तच आहे.

पण त्यावरून फिक्सिंगकडे उडी मारू नका. सट्टा लावणारा माणूस सामना का विकत घेतो? जिंकेल असं सगळ्यांना वाटणारी टीम हरली तरच पैसा सुटतो. जी टीम हरणारच हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, तिला हरायचे पैसे कोण देईल? अमेरिकेतलं सर्वांत गाजलेलं फिक्सिंगचं प्रकरण 1919चं. शिकागो व्हाइट सॉक्स ही बलाढ्य टीम वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेत, विकली गेली आणि पुढे आठ खेळाडूंवर कायमची बंदी आली. तीसुद्धा 8 पैकी 3 सामने जिंकलीच. विकले गेलेले खेळाडूदेखील 154 पैकी 134 हरत नाहीत हो.

आकडेही तेच सांगतात. हंगामभरात स्पायडर्सनी 529 धावा केल्या आणि 1252 दिल्या. म्हणजे सामन्याला साधारण साडेतीन धावा करायच्या आणि आठ द्यायच्या. बेसबॉलचे आकडेतज्ज्ञ बिल जेम्स यांचं एक जुनं सूत्र आहे: केलेल्या धावांचा वर्ग घ्यायचा, त्याला केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांच्या बेरजेने भागायचं. त्यातून विजयांचं अपेक्षित प्रमाण निघतं. इथे ते 15 टक्क्यांच्या आसपास येतं, म्हणजे 154 सामन्यांत 23 विजय. प्रत्यक्षात 20. ऐन मोक्याला मुद्दाम कच खाणारी टीम असती तर चुरशीचे सामने जास्त गेले असते आणि या दोन आकड्यांत मोठी दरी पडली असती. तीन सामन्यांचा फरक मी नशिबाच्या खात्यात टाकतो. ही टीम जितकी कमजोर होती, बरोबर तितकीच हरली.

मग खरा प्रश्न असा उरतो की इतकी कमजोर टीम त्या मैदानावर आलीच कशी? कारण त्याच स्पायडर्सनी आदल्या वर्षी, 1898 साली, 81 सामने जिंकले होते. बारा टीम्समध्ये पाचवा क्रमांक. 1895 साली तर त्या वेळची मानाची टेंपल कप मालिकाही जिंकली होती. साय यंग यांचंच नाव आज सर्वोत्तम पिचरच्या पुरस्काराला आहे, आणि ते 1890पासून क्लीव्हलँडकडून खेळत होते. जोडीला जेसी बर्केट, ज्यांची फलंदाजीची सरासरी दोन हंगामांत .400च्या वर, म्हणजे दहा प्रयत्नांत चार यशस्वी फटक्यांच्या वर, गेली होती. आपल्याकडे रणजीत पाचवी आलेली टीम पुढच्या वर्षी कुठल्या गल्लीतल्या टीमकडूनही हरायला लागावी, तसा हा प्रकार.

याचं उत्तर मैदानावर शोधू नका, मालकांच्या वहीत शोधा. टीम फ्रँक आणि स्टॅन्ली रॉबिसन या भावांची. मूळ धंदा ट्रामचा. त्यांनी 1891 साली लीग पार्क हे मैदान बांधलं तेही आपल्या ट्राममार्गांवर. प्रेक्षक येतानाही ट्रामचं तिकीट काढणार आणि जातानाही. हिशेब चोख होता, पण एक गोष्ट आड आली: रविवार. कामगारांचं शहर, सुट्टी फक्त रविवारी, आणि क्लीव्हलँडमध्ये रविवारी व्यावसायिक बेसबॉल खेळायला कायद्याने मनाई. 16 मे 1897 रोजी रॉबिसननी रविवारी सामना भरवून बघितला. पहिल्या डावानंतरच पोलीस मैदानात आले आणि खेळाडूंना ताब्यात घेऊन गेले. चांगली टीम असूनही गल्ला भरत नव्हता.

तिकडे सेंट लुइसमध्ये नेमकं उलटं. रविवारी खेळायला मुभा, शहर मोठं, बेसबॉलचं वेड जुनं. पण टीम भिकार. 1898 साली त्यांनी 39 जिंकले, 111 गमावले आणि शेवटचे आले. मालक कर्जात बुडाला, टीम लिलावात निघाली आणि 1899च्या सुरुवातीला ती रॉबिसन बंधूंच्या हातात आली. क्लीव्हलँडही त्यांच्याकडेच राहिलं. एका मालकाने एकाच लीगमधल्या दोन टीम्स बाळगायला तेव्हा आडकाठी नव्हती. ब्रुकलिन आणि बाल्टिमोरच्या मालकांनीही त्याच सुमारास अशीच गाठ मारली होती. ब्रुकलिन त्या वर्षी पहिलं आलं त्यात बाल्टिमोरहून आणलेल्या खेळाडूंचा वाटा मोठा होता.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. यंग, बर्केट, बॉबी वॉलेस आणि बाकीची सगळी मलई क्लीव्हलँडहून उचलून सेंट लुइसला नेली. बदल्यात सेंट लुइसचं उरलंसुरलं क्लीव्हलँडला आलं. 15 एप्रिल 1899, हंगामाचा पहिला दिवस, सामना सेंट लुइसला, पाहुणे कोण? क्लीव्हलँड स्पायडर्स. सेंट लुइसकडून पिचर साय यंग. निकाल 10-1.

इथे बहुतेक लोक चुकतात. ते म्हणतात, 81 विजयांची टीम 20वर घसरली. पण नाव सोडलं तर ती टीम क्लीव्हलँडची राहिलीच नव्हती. 81 विजयांची टीम सेंट लुइसला गेली होती आणि तिथे 84-67 (84 विजय, 67 पराभव) करून पुन्हा पाचवीच आली! पाटी बदलली, माल तोच. आणि क्लीव्हलँडच्या पाटीखाली जी माणसं खेळत होती त्यांच्या मागच्या वर्षाचं प्रगतिपुस्तक 39-111 असं होतं. शंभरात 26 विजय. तेव्हा तुलना 39 आणि 20ची करायला हवी. ती केली की गूढ अर्धं उकलतं. उरलेल्या अर्ध्याची मात्र झाडाझडती घ्यावी लागते.

इंटरनेटवर तुम्हाला याचं एक तयार उत्तर मिळेल: ‘बिचारे सतत दौऱ्यावर होते.’ ते खोटं नाही. क्लीव्हलँडच्या लोकांना आपल्याला काय विकलं जातंय ते पहिल्याच आठवड्यात कळलं आणि त्यांनी मैदानाकडे पाठ फिरवली. हंगामभरात घरच्या 42 सामन्यांना मिळून 6,088 प्रेक्षक आले, म्हणजे सामन्याला 145. आमच्याकडे शाळेच्या सामन्याला आईबाप, आजीआजोबा आणि कुत्री धरून साधारण तेवढेच येतात. पाहुण्या टीमला गेटच्या पैशांतून वाटा मिळायचा. 145 माणसांच्या वाट्यातून रेल्वेचं भाडं आणि हॉटेलचं बिलही निघेना. मग बाकीच्या टीम्स म्हणू लागल्या की आम्ही क्लीव्हलँडला येणार नाही, तुम्हीच या. उन्हाळा मध्यावर आल्यावर घरचे सामने जवळपास थांबलेच. शेवटी हिशेब 42 घरी आणि 112 बाहेर असा झाला. वर्तमानपत्रांनी त्यांना ‘भटके’, ‘हद्दपार’ अशी नावं ठेवली ती यामुळेच.

आता आकडे मांडतो. घरी 9-33, बाहेर 11-101. म्हणजे घरी शंभरात 21 विजय, बाहेर शंभरात 10. समजा त्यांना इतरांसारखे निम्मे सामने घरी मिळाले असते आणि दोन्हीकडचं प्रमाण हेच राहिलं असतं, तर 77 घरचे, 77 बाहेरचे धरून विजय होतात 24. म्हणजे सततच्या प्रवासाने नेले जेमतेम चार सामने. रेल्वेच्या बाकावरच्या रात्री, रोज नवं हॉटेल, पाठ मोडणं, हे सगळं मान्य. पण 20 विजयांचं खापर एकट्या दौऱ्यावर फुटत नाही.

आता दुसरी फोड बघा. हंगामाच्या सुरुवातीला व्यवस्थापक होते लेव्ह क्रॉस. ते स्वतः तिसऱ्या बेसवर खेळायचे आणि त्या टीममधले बहुधा सर्वांत चांगले खेळाडू तेच. त्यांच्या हाताखाली टीम 8-30. जूनमध्ये मालकांनी त्यांनाही सेंट लुइसला नेलं. मग ऑस्ट्रेलियात जन्मलेले जो क्विन आले, त्यांच्या काळात 12-104. प्रमाण काढा: क्रॉस असताना शंभरात 21, गेल्यावर शंभरात 10.

घरी 21 आणि बाहेर 10. क्रॉस असताना 21 आणि नसताना 10. दोन्ही फोडी तेच आकडे देतात. स्कोअररच्या दृष्टीने ही धोक्याची खूण आहे, कारण दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्यात: घरचे सामने बहुतेक हंगामाच्या पहिल्या भागात होते आणि क्रॉसही पहिल्याच भागात होते. तेव्हा घसरण दौऱ्यामुळे झाली की माणसं गेल्यामुळे, हे नुसत्या बेरजांवरून छातीठोकपणे सांगता येत नाही. माझा कौल माणसं जाण्याच्या बाजूने आहे, कारण बाहेर खेळलं की टीम थोडी कमी जिंकते, पण विजय निम्म्यावर येणं हे मी फारसं कुठे पाहिलेलं नाही.

त्याला आणखी एक आधार आहे, आणि तो मला सगळ्या बेरजांपेक्षा बोलका वाटतो. विली सडहॉफ नावाचे एक पिचर. बेसबॉलमध्ये सामन्याचा विजय किंवा पराभव एका पिचरच्याही नावावर लिहितात; त्या वर्षी क्लीव्हलँडकडून त्यांची नोंद 3-8. मग त्यांनाही सेंट लुइसला बोलावून घेतलं. तिथे त्याच वर्षी 13-10. हात तोच, खांदा तोच, उन्हाळाही तोच. बदललं काय, तर पाठीशी उभे असलेले आठ जण आणि धावा करून देणारे बॅटर. यापेक्षा चांगला प्रयोग कोणी मुद्दाम आखला असता तरी जमला नसता. खेळाडू टाकाऊ होते का, या तुमच्या प्रश्नालाही इथेच उत्तर मिळतं. क्लीव्हलँडमध्ये जो बरा खेळेल तो उचलला जायचा. जे उरायचे ते उरलेलेच असायचे.

उरलेल्यांची नावं वाचतानाही वाईट वाटतं. जिम ह्युई 4-30. चार्ली नेपर 4-22. फ्रँक बेट्स 1-18. क्रेझी श्मिट 2-17. या चौघांचे मिळून 87 पराभव. 4-30 वाचून हसू येतं खरं, पण जरा थांबा. तेव्हा पिचरने सुरू केलेला सामना बहुतेकदा त्यानेच संपवायचा अशी रीत होती. दहा धावा बसल्या तरी तो उभाच. पिचर आणि बॅटरमधलं अंतर वाढवून 60 फूट 6 इंच केल्याला सहाच वर्षं झाली होती, हातमोजे आजच्या मानाने पातळ, मैदानं खडबडीत. दर तीन-चार दिवसांनी पिचरच्या टेकाडावर जाऊन हरायचं, दुसऱ्या दिवशी रेल्वेत बसायचं आणि परत उभं राहायचं. 30 सामने हरण्यासाठी तितक्यांदा मैदानावर हजर राहावं लागतं. मी तर त्या माणसाला मानतो.

मला या हंगामात रस का वाटला तेही सांगून टाकतो. पुण्यात एका टेनिस बॉल स्पर्धेत एकाच शेठची ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन टीम्स होत्या. उपांत्य फेरीच्या सकाळी ‘ब’चा सलामीचा बॅट्समन ‘अ’कडे गेला. मी वहीत नाव आधीच लिहून ठेवलं होतं. ‘ब’च्या कप्तानाने खाली वाकून एका बोटाने ते दाखवलं आणि म्हणाला, ‘खोड.’ खोडलं. वर शाई सांडल्यासारखा एक जाड काळा डाग पडला. कोणी नियम मोडला नव्हता, कोणी पैसे खाल्ले नव्हते, आणि तरीही ‘ब’ टीम नाणेफेकीआधीच हरलेली होती. पुढे अनेक वर्षांनी स्पायडर्सचे धावफलक उतरवताना लेव्ह क्रॉस हे नाव जूनमध्ये नाहीसं झालेलं दिसलं, तेव्हा तो डागच डोळ्यांपुढे आला.

तर ‘मुद्दाम’ या शब्दाचा अर्थ तुम्ही काय घेता, यावर तुमचं उत्तर अवलंबून आहे. खेळाडू मुद्दाम हरले का? माझ्या मते नाही. मालकांनी हरण्याची तजवीज केली का? त्यांना क्लीव्हलँडच्या हरण्यात रस नव्हता, सेंट लुइसच्या जिंकण्यात आणि तिथल्या गल्ल्यात होता. क्लीव्हलँड त्यांच्या लेखी राखीव खेळाडूंचं कोठार होतं. पण तिकिटावर छापलेल्या स्पर्धेचे पैसे ते क्लीव्हलँडमध्येही घेतच होते, आणि म्हणून मी याला फिक्सिंगपेक्षा फार वरच्या पायरीवर ठेवत नाही. फरक एवढाच की फिक्सिंग लपून करतात.

हंगामाची अखेर कशी झाली ते थोडक्यात. ऑगस्टच्या शेवटापासून सलग 24 पराभव, मग एक विजय, मग पुन्हा सलग 16 पराभव. शेवटच्या 41 सामन्यांत एक विजय. शेवटचा दिवस 15 ऑक्टोबर, सिनसिनाटीत, एकाच दिवशी दोन सामने. पहिला 16-1ने गेला. दुसऱ्यात पिचर म्हणून उभा केला तो एडी कोल्ब, हॉटेलमधल्या सिगारच्या टपरीवर काम करणारा पोरगा. मोबदल्यात त्याने सिगारचा एक डबा दिला, असं सांगतात. म्हणजे पगार मिळायचा सोडून पिचरनेच टीमला दिलं! तो सामना 19-3. कोल्बने या वरच्या दर्जाच्या लीगमध्ये खेळलेला हा एकमेव सामना, आणि त्याचं नाव आजही नोंदवहीत आहे: 0-1.

पहिल्या क्रमांकापासून 84 सामने मागे, आणि त्यांच्या लगेच वर असलेल्या अकराव्या टीमपासूनही 35 मागे. त्या हिवाळ्यात लीगने बारा टीम्सच्या आठ केल्या. क्लीव्हलँडसह चार बंद झाल्या. शहराला वरच्या दर्जाचा बेसबॉल परत मिळाला तो 1901 साली, नव्या अमेरिकन लीगमधून. माझ्या घरापासून लीग पार्क अर्ध्या तासावर आहे. आता तिथे पुन्हा मैदान केलंय, पोरं खेळतात. कोपऱ्यावर जुनी तिकीट कचेरी दिसते, पण फोटो काढून ‘स्पायडर्सचं तिकीटघर’ असं लिहू नका. ती दहा वर्षांनंतरच्या बांधकामातली आहे. खूप जण ही चूक करतात.

राहिला शेवटचा प्रश्न, विक्रम मोडेल का. आज एका मालकाला दोन टीम्स ठेवता येत नाहीत. 162 सामन्यांपैकी 81 घरी ठरलेले असतात आणि गर्दी नाही म्हणून पाहुणी टीम यायचं नाकारू शकत नाही. आजच्या मालकाला टीम मोडीत काढायचीच असेल तर तो चांगले खेळाडू इतरांना देतो आणि बदल्यात होतकरू पोरं घेतो. ती पोरं कच्ची असली तरी अधूनमधून जिंकतात. 1962 साली न्यू यॉर्क मेट्स 120 हरले, 2024 साली शिकागो व्हाइट सॉक्स 121 हरले आणि जगभर हसं झालं. त्या व्हाइट सॉक्सनीही 41 जिंकले. स्पायडर्सच्या प्रमाणाने 162 सामन्यांत 21च जिंकायला हवे होते.